शिक्रा की बेसरा? गळ्यावरच्या रेघेवर किती विसंबायचं

दुर्बीणवाला
आंबोलीच्या जंगलाच्या कडेला, नोव्हेंबरात काढलेले एका छोट्या शिकारी पक्ष्याचे तीन फोटो आहेत. पाठ तपकिरी, छातीवर थेंबांसारख्या उभ्या रेघोट्या, डोळा पिवळा, गळ्याच्या मधोमध ठळक काळी रेघ. एका फोटोत पक्षी उडतोय, खालची बाजू दिसते. रेघ पाहून दोघांनी बेसरा ठरवलं, तिसरा म्हणतो शिक्र्याचं पिल्लू. नेमकं कुठे बघायचं? हिवाळा आहे, तर थंडीत येणाऱ्या, अशाच दिसणाऱ्या युरेशियन स्पॅरोहॉकची शक्यता किती?

घाटमाथा
रेघेवरून बेसरा ठरवू नका, सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याची रेघ बारीक आणि राखाडी असते, कधीकधी दिसतही नाही. पण पहिल्या वर्षाच्या शिक्र्याला ती चांगली गडद असते आणि छातीवर तुम्ही सांगता तशाच रेघोट्या असतात. अशी ठसठशीत रेघ असेल तर स्पॅरोहॉक मात्र बाद करा. त्याच्या गळ्यावर बारीक रेषा असतात, मधली एकच पट्टी नसते. शिवाय त्याच्या पिल्लाच्या छाती-पोटावर आडवे, तुटक पट्टे असतात.

आता शेपटी. बेसऱ्याच्या शेपटीवरचे काळे पट्टे फिकट पट्ट्यांइतकेच किंवा जास्तच रुंद असतात. शिक्र्याचे काळे पट्टे अरुंद, मधली फिकट जागा मोठी. पण मिटलेली शेपटी खालून पाहिली तर फक्त सगळ्यात बाहेरची पिसं दिसतात, आणि त्यांच्यावरचे पट्टे बारीक आणि जास्त असतात. तिथे मोजलंत तर बेसराही शिक्रा वाटेल. पाठीकडून मधली पिसं बघा, नाहीतर उडताना पसरलेली शेपटी.

रानपिंगळा
उडतानाच्या फोटोत पंखाच्या टोकाची सुटी बोटं, म्हणजे बोटांसारखी वेगळी दिसणारी पिसं, मोजा. शिक्रा आणि बेसरा दोघांनाही पाच, स्पॅरोहॉक आणि क्रेस्टेड गॉसहॉक या तुरेवाल्या भाईबंदाला सहा. म्हणजे तुमच्या मूळ भांडणात बोटं कामाची नाहीत, पण बाकीचे दोघे लगेच गळतात. मोजणी पंख पूर्ण ताणलेल्या फ्रेममध्येच करायची. सूर मारताना पंख मिटत आले की एखादं बोट लपतं. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांची पिसं गळत असतात, तेव्हाही आकडा चुकतो. नोव्हेंबरातल्या पिल्लाला ती अडचण नाही, त्याची सगळी पिसं एकाच वयाची असतात.

आंबोलीत क्रेस्टेड गॉसहॉक विसरू नका. गळ्याची रेघ त्यालाही जाड असते. डोक्यामागे छोटा तुरा, पाय दणकट, आणि उडताना शेपटीच्या बुडाशी कापसासारखी फुललेली पांढरी पिसं दिसतात.

घाटमाथा
बसलेल्या फोटोत पाय दिसत असतील तर तेही बघा. बेसऱ्याची पायाची नळी काडीसारखी बारीक आणि लांब, मधलं बोट तर डोळ्यात भरेल इतकं लांब. शिक्र्याचे पाय तुलनेने आखूड आणि जाड. आकारावर जाऊ नका. या सगळ्या जातींत मादी नरापेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे ‘छोटा वाटला’ याला अर्थ नाही. बेसरा दाट झाडीत राहतो हे खरं, पण शिक्रा शहरातल्या गुलमोहरावर बसतो तसा जंगलाच्या कडेलाही बसतो.

हळद्या
आवाजावर ठरवणाऱ्यांसाठी: भृंगराज हा पक्षी शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, पक्षी दिसल्याशिवाय नोंद नको. आणि फोटोत चोच आकडीसारखी वाकलेली नसेल, डोळ्याभोवती पिवळं कडं असेल, तर तो पावशा, म्हणजे कोकिळेच्या कुळातला पक्षी. पिसांचा वेश शिक्र्याचाच असतो, फसायला होतं.

जाता जाता, पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळाच्या यादीत 2024 पासून शिक्रा आणि बेसरा शास्त्रीय नावातल्या अ‍ॅक्सिपिटर या वंशातून (genus) टॅकिस्पायझा या वंशात गेलेत. युरेशियन स्पॅरोहॉक अ‍ॅक्सिपिटरमध्येच राहिला. जुन्या पुस्तकाशी नाव जुळलं नाही तर घाबरू नका.

दुर्बीणवाला
पाहिलं. बोटं पाच. पसरलेल्या शेपटीत मधल्या पिसांवरचे काळे पट्टे फिकट जागेच्या जेमतेम निम्मे. पाय पानांआड आहेत.

घाटमाथा
मग शिक्रा, पहिल्या वर्षाचा. शेपटीचा फोटो नोंदीला जोडा आणि पट्ट्यांची रुंदी शेऱ्यात लिहा, नाहीतर रेघ पाहून कुणीतरी पुन्हा बेसरा सुचवेल.