८ जून: संत गोन्सालो गार्सिया यांच्या संतपदाचा दिवस कसा साजरा करावा?

माजिवडा_समूह: आमच्या समूहाचे आश्रयदाते संत गोन्सालो गार्सिया. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ला त्यांना संतपद दिलं, तो दिवस २०२६मध्ये साजरा करायचाय. सोमवार आहे, माणसं शंभरेक. संध्याकाळी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), आवारात मिरवणूक, मग खायला फुगे (मैद्याचे तळलेले गोळे). नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, कधी सुरू करायची? सणाचीच मिस्सा चालेल का?

वेदीसेवक: नोव्हेना ३० मे ते ७ जून. तेव्हा निम्मी घरं गावी असतात, वाचक आत्ताच ठरवा. सण ६ फेब्रुवारीचा. हौतात्म्य ५ फेब्रुवारी १५९७चं, पण ५ला संत अगाथाचा सण येतो. चर्चच्या जागतिक पंचांगात ६ तारीख ‘संत पौल मिकी आणि सोबती’ (पौल मिकी त्यांच्यासोबतचेच हुतात्मा) या नावाने आहे, प्रार्थना तिथे शोधा. साध्या सोमवारी त्यांच्या सन्मानार्थ मिस्सा घेता येते, फादरांना आधी विचारा. वस्त्रं आणि फुलं लाल. हे दरवर्षी जमत नाही, २०२५ला ८ जूनला पेंटेकॉस्टच (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा मोठा सण) होता.

बॅनरवाला: प्रतिमा नीट निवडा, इथेच सगळे चुकतात. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. म्हणून स्टोल (धर्मगुरूंचा गळ्यातला पट्टा) नको, ‘फादर’ नको. साधा झगा, कमरेला दोरी. जपानमधल्या नागासाकीत त्यांच्यासह २६ जणांना क्रुसावर दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी जखडून भाल्यांनी भोसकलं, तेव्हा हातात खिळे दाखवू नका. ‘वसईचे सुपुत्र’ हे मात्र मोठ्या अक्षरात हवंच! १६२७ला ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) झाले. जुन्या प्रार्थनेत ‘धन्य’ असेल तर ‘संत’ करा.

फुगेवाली: शंभर माणसांना पाच किलो मैदा. किलोला चार अंडी, एका नारळाचं दूध, दहा ग्रॅम कोरडं यीस्ट, मीठ, चमचाभर साखर. पीठ पळीवाढं नको, मुठीतून अंगठ्याजवळ गोळा सुटेल इतकं सैल. जूनच्या दमट हवेत ते तासा-दीड तासात फुगतं. सकाळी भिजवून संध्याकाळी तळलंत तर आंबट होतं आणि फुगे बसतात. म्हणून मिस्सेआधी भिजवा, दोन पातेल्यांत अर्ध्या तासाच्या अंतराने. आच मध्यम ठेवा, तेल कडकडीत झालं की बाहेर लाल, आत कच्चं.

वेदीसेवक: मिरवणूक मिस्सेआधी उरका, पाऊस केव्हाही येतो. मूर्तीवर प्लास्टिक, मेणबत्त्यांना काचा. आवाराबाहेर निघणार असाल तर पोलीस परवानगी लागेल, आणि स्पीकर रात्री १०ला बंद.