उत्तर: शेवटाकडे आवाज मागे पडतो

मोबाइलवर शूट केलेला व्हिडिओ एडिट करताना सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर, पण ४० मिनिटांनी आवाज जवळपास अडीच सेकंद मागे, असं तुम्ही लिहिलंय. मग ऑडिओ ट्रॅक सरकवत बसू नका. शेवट जुळवलात की सुरुवात बिघडेल. (मी एकदा रात्री दोनपर्यंत हाच उद्योग केलाय.)

मोबाइलचं शूटिंग म्हटल्यावर सगळे व्हेरिएबल फ्रेमरेटकडे (म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हा आकडा कमीजास्त होण्याकडे) बोट दाखवतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. उजेड कमी झाला की बरेच फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम घेतात, एडिटर (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) मात्र ३०च धरून चालतो. फाइल मीडियाइन्फो या फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ‘फ्रेमरेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं, तर हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये ३० आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून नवी फाइल बनवा. एडिटिंग तिच्यावरच करा, आधी कापाकापी करून मग नाही.

पण तुमचा आकडा बघून मला वेगळीच शंका येतेय. सेकंदाला २९.९७ फ्रेमचं फुटेज एडिटरने ३० समजून चालवलं, तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. म्हणजे ४० मिनिटांत २.४! तेव्हा आधी क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये एडिटरने कोणता फ्रेमरेट धरलाय ते बघा. तसं निघालं तर कन्व्हर्ट करायचीही गरज नाही, तेवढा आकडा बदला.

आणि तपासताना ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा, त्यांचा स्वतःचा उशीर वेगळाच असतो.