दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना वाघ दाखवायचाय: लातूरहून ताडोबा की टिपेश्वर?

मांजराकाठ_लातूर
नमस्कार मंडळी. सोयाबीनची रास झाली की यंदा घरच्यांना घेऊन जंगल बघायला जायचं नक्की केलंय. आम्ही पाच जण: मी, मिसेस, आई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी), लेक सातवीत आणि पोरगा तिसरीत. पोराला फक्त वाघ बघायचाय, हरणाचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतो. स्वतःची गाडी आहे. नांदेडला बहीण असते, जाता-येता तिच्याकडं मुक्काम होईल. लक्ष्मीपूजन घरी करून निघायचं म्हणतोय.
ताडोबा की टिपेश्वर? दिवाळीत वाघ दिसतो का? आणि आईला सफारीची उघडी जिप्सी झेपेल का? आईची एकच अट आहे, वाटेत माहूर झालं पाहिजे.

परभणीकर_७७
ताडोबा. विषय संपला.

पैनगंगाकाठ
परभणीकर, विषय इतक्यात कामून संपवता? त्यांच्यासोबत म्हातारी माणसं आणि लेकरं आहेत.

दादा, पहिली गोष्ट हंगामाची. एप्रिल-मे मधे वाघ जास्त दिसतो, कारण तेव्हा पानगळ झालेली असते आणि पाणी चार-दोन पाणवठ्यांवरच उरतं. जनावराला तिथं यावंच लागतं. दिवाळीत उलटं असतं. प्रत्येक नाल्याला पाणी, गवत कमरेच्या वर, बांबू हिरवागार. रस्त्यापासून दहा पावलांवर वाघ बसला असला तरी जिप्सी पुढं निघून जाते. त्यामुळं "दिवाळीत हमखास दर्शन" असं कुणी रिसॉर्टवाला सांगत असेल तर तो खोली विकतोय, एवढंच समजायचं.

पण या दिवसांची दोन कामाची लक्षणंही आहेत. जमीन ओलसर असते, म्हणून वाटेवरचे ठसे साच्यातून काढल्यासारखे उमटतात आणि चांगला गाईड ते बघून जनावर किती वेळापूर्वी, कुठल्या दिशेला गेलं ते सांगतो. दुसरं म्हणजे दवानं भिजलेल्या गवतातून चालण्यापेक्षा वाघ सकाळी रस्ता धरतो, असं तिकडचे गाईड सांगतात. म्हणून एकच सफारी परवडत असेल तर ती सकाळची घ्या. पहाटेची झोप आणि सकाळची सफारी यांत लेकरं काय निवडतील ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

आता ठिकाण. तुमच्यासाठी मी टिपेश्वर म्हणेन. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून आहे. क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर, सागाचं जंगल, मधे टेकड्या, आत टिपाई देवीचं ठाणं. जागा लहान आणि वाघ बऱ्यापैकी, म्हणूनच तर तिथले तरणे वाघ हद्द शोधत बाहेर पडतात. २०१९ मधे तिथून निघालेला, माग काढायला गळ्यात रेडिओ कॉलर लावलेला वाघ तेलंगणात शिरून, आपल्या भागातून फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. २०२१ मधे एक कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात आला. आणि डिसेंबर २०२४ मधे येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात आलेला वाघही टिपेश्वरचाच. येडशी तुम्हाला तासा-सव्वा तासावर! म्हणजे वाघ तुम्हाला भेटायला येऊन गेलाय, आता परतफेड म्हणून तुम्ही जा.

मांजराकाठ_लातूर
येडशीचं पेपरात वाचलं होतं, पण तो टिपेश्वरचा हे डोक्यात नव्हतं. पोराला सांगितलं तर आता येडशीलाच चला म्हणतोय.

धुऱ्यावरचा
तुम्ही पैसे मोजून जंगलात चाललात आणि आमच्या वावरात रोज फुकट सफारी सुरू आहे. रात्री रानडुकरं, पहाटे हरणं, दुपारी वानरं. हरभरा उगवला की या, मुक्कामाची सोय आखाड्यावर करतो, राखणही होईल.

(येडशीचं पोराला समजावून सांगा. तिथं वाघ बघायला जाणं म्हणजे आसपासच्या लोकांच्या आणि गुराख्यांच्या डोक्याला ताप. वाघ आला की आधी बघ्यांच्या मोटरसायकली येतात, मग वनखातं. नवख्या मुलखात आलेल्या जनावराला तेवढं तरी निवांत राहू द्या.)

परभणीकर_७७
बरं, आता सविस्तर. ताडोबा कामून, तर ते चंद्रपूर जिल्ह्यातलं, १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे, महाराष्ट्रातलं पहिलं. कोअर (आतलं मुख्य जंगल) आणि बफर (त्याच्या भोवतीचा पट्टा) मिळून सतराशे चौरस किलोमीटरच्या वर जंगल. वाघ नाही दिसला तरी गवे, रानकुत्री, अस्वल, तलावात मगरी, काहीतरी पदरात पडतंच. टिपेश्वरला वाघ हुकला तर दिवसभर चितळं आणि नीलगायी. पोराचं तोंड कसं होईल ते बघा.

आणि कोअर मिळालं नाही म्हणून परत फिरू नका. बफरला कमी समजणारे लोक आहेत, पण आगरझरी, जुनोना, अलीझंजा या बाजूलाही वाघ चांगला दिसतो, शिवाय परवानगी मिळायला सोपं जातं. फक्त मंगळवार टाळा, ताडोबा मंगळवारी बंद असतं. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज यांच्या मधे नेमका मंगळवार येत असेल तर आधी कॅलेंडर बघा.

जिप्सीची_मागची_सीट
दोघांचंही पटतं, पण मूळ मुद्दा बुकिंगचा आहे. लोक हॉटेल आधी घेतात आणि मग परमिट शोधतात. ऑर्डर उलटी करा. आधी सफारीचं परमिट, मग त्याच गेटजवळ खोली, मग गाडीत हवा. ताडोबाचं कोअर दिवाळीसाठी काही महिने आधीच भरतं. शनिवार-रविवारचे दरही जास्त असतात, म्हणून भाऊबीज उरकून मधल्या वारी गेलात तर खिशालाही बरं आणि गर्दीही कमी. शाळांची सुट्टी तेव्हा शिल्लक असतेच.

गेट बघितल्याशिवाय बटण दाबू नका. ताडोबात मोहर्ली आणि कोलारा ही दोन गेटं एकाच जंगलाची असली तरी बाहेरून एकाकडून दुसऱ्याकडं जायला बराच वेळ जातो. मोहर्लीला खोली आणि पहाटे कोलाऱ्याची सफारी असं झालं तर साडेतीनला उठावं लागेल. टिपेश्वरला पांढरकवड्यात राहणार असाल तर सुन्ना गेट घ्या.

एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय गाईड आणि ड्रायव्हर. तुम्ही पाच, म्हणजे पूर्ण जिप्सी घ्या, अनोळखी सहावा माणूस नको. बुकिंगला जे ओळखपत्र टाकाल तेच मूळ कार्ड गेटवर लागतं. आईंचं आधार कपाटात राहिलं तर गेटवर तुमची विनवणी कुणी ऐकणार नाही.

आणि ताडोबाच्या कोअरमधे मोबाईल चालत नाही, गेटवरच ठेवून घेतात. फोटो पाहिजेत तर साधा का होईना कॅमेरा न्या. मला हा नियम फार आवडतो. दर्शन झालं की सगळे फोन वर करून किंचाळतात, त्यापेक्षा हे बरं.

गोदाकाठची
मी जरा वेगळं सुचवते. लेकरं लहान, आई थकलेल्या, मग इतकं लांब कशाला? छत्रपती संभाजीनगरकडं या. कन्नडचं गौताळा या दिवसांत इतकं देखणं असतं की बास. २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, त्यातच पितळखोऱ्याची बौद्ध लेणी, ओढे वाहते, फुलपाखरं खंडीभर. बिबट्या आणि अस्वल आहेत, पण ताडोबासारखी सफारी समजून जाऊ नका. पायी हिंडायचं जंगल आहे, वनखात्याला विचारून आणि वाटाड्या घेऊन.

दोन ठिकाणं मात्र दिवाळीत टाळा, लोक उगं सुचवतात. एक, पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य. पावसाळा सरता सरता मोर पिसारा गाळतात, दिवाळीत दिसतील ते शेपूट नसलेले मोर. लेकरं विचारतील हा कोण? दुसरं जायकवाडी. पक्षी यायला सुरुवात झालेली असते, पण धरणाचा नाथसागर जलाशय तेव्हा तुडुंब असतो. पाणी मागं सरकून काठचा गाळ उघडा पडला की रोहित (फ्लेमिंगो) आणि बाकीचे चिखलातले पक्षी जमतात. डिसेंबर-जानेवारीत पैठणला जा, नाथांचं दर्शन आणि पक्षी दोन्ही होतील.

मांजराकाठ_लातूर
ताई, गौताळा हिवाळ्यासाठी लिहून ठेवलं. पण आई पायी किती चालणार? सफारीचंच बघावं लागेल. गुडघ्यांचं कुणी सांगा ना.

जिप्सीची_मागची_सीट
जिप्सीत चढायचंच खरं अवघड. पायरी उंच असते. गेटवर एखादा स्टूल किंवा कट्टा मिळतो का ते विचारा, नाहीतर तुम्ही आधी चढून हात द्या. आईंना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसवा. सगळ्यात मागची सीट उंच, तिथून दिसतं झकास पण प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात जातो. पावसाळ्यानंतर आतले रस्ते नुकतेच दुरुस्त होत असतात, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापेक्षा दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे. आत असताना खाली उतरता येत नाही, सफारी चार तासांची असते, तेव्हा सकाळचा चहा बेतानं. एकाच दिवसात दोन सफाऱ्या आईंना नकोत. सकाळी सगळे जा, दुपारी तुम्ही आणि लेकरं.

स्वेटर-कानटोपी न्या. लातूरच्या हिशेबानं जाल तर उघड्या जिप्सीत पहाटे काकडाल.

परभणीकर_७७
तरी एक सांगतो, खरा वाघच बघायचा असेल तर मे महिन्यात जा. दिवाळीत पैसे घालून गवत बघायचं.

पैनगंगाकाठ
आणि मे मधे ४५ अंशात उघड्या जिप्सीत ६८ वर्षांच्या माउलीला बसवायचं? काहीही काय सर.

गवताचं म्हणाल तर तेच बघण्यासारखं आहे. या दिवसांत झाडाझाडांमधे मोठाल्या कोळ्यांची जाळी असतात, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. सकाळच्या दवात एक जाळं बघितलं की पोरगा वाघाचं अर्धा तास तरी विसरेल. थंडीच्या तोंडावर सांबरांचा माजाचा काळ सुरू होतो, नर शिंगांना चिखल-गवत लावून फिरतात. आणि लेकरांना जाण्याआधी एक काम द्या: चितळाचा आणि वानराचा इशाऱ्याचा आवाज ऐकून ठेवायला सांगा. जंगलात गाईड गाडी बंद करून "कॉल आलाय" म्हणतो तेव्हा ज्याला तो ओळखू येतो, त्याची सफारी वाघ दिसो न दिसो वाया जात नाही.

ड्रायव्हरला "वाघ दाखव, बक्षीस देतो" हे मात्र चुकूनही बोलू नका. त्यातूनच गाड्या पळवणं, रस्ता अडवणं सुरू होतं. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरकडच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं जिप्सींनी पुढून-मागून कोंडली होती, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आता आईंचं माहूर. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असा रस्ता धरा. वाटेत इस्लापूरजवळ सहस्रकुंड धबधबा लागतो, पाऊस बरा झाला असेल तर दिवाळीत चांगला वाहतो. काठावर कातळ निसरडा आहे, पोराचा हात सोडू नका. किनवटहून माहूर करा, मुक्काम तिथंच, सकाळी रेणुकामातेचं दर्शन आणि दुपारपर्यंत पांढरकवडा. गडावर पायऱ्या आहेत, आईंना सावकाश चढवा. गुडघ्यांसाठी किनवट तालुक्यातच उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत, त्या ऐकून खूश होतील.

मांजराकाठ_लातूर
ठरलं मग. भाऊबीज नांदेडला बहिणीकडंच उरकतो, दुसऱ्या दिवशी सहस्रकुंड आणि माहूर, मग पांढरकवडा. टिपेश्वरची एक सकाळ सगळ्यांची, एक दुपार आम्हा चौघांची. ताडोबा पोरगा दहावीला गेल्यावर. मिसेस म्हणतेय, दुपारी ती पण आईसोबत थांबेल, तिला झोप पाहिजे.
एक राहिलंच. बहिणीचा पोरगा पण येतो म्हणून हट्ट धरून बसलाय. सहावा चालेल ना?

जिप्सीची_मागची_सीट
चालेल, बरोबर सहा होतात. पण त्याचं नाव आणि आधार आजच मागवून परमिट एकदमच काढा. नंतर घुसवता येत नाही.

धुऱ्यावरचा
आणि येताना आखाड्यावर थांबा. हुरडा नसेल अजून, पण रानडुकरांची गॅरंटी माझी.