मदत हवी आहे: दोन जणांचा टेंट पुरत नाही, तीन जणांचा घ्यावा का?

पायवाट
दोघांसाठी हलका टेंट हवा आहे. सध्या आहे तो दोन जणांचा, पण पुरत नाही. सकाळी उठलो की माझ्या स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू ओली झालेली असते. मागच्या ट्रेकला तर नुसती दमट नाही, चिंब होती, आणि रात्रभर पावसाचा थेंब नव्हता. टेंट कागदावर २१५ सेंमी लांब आहे, मी काही तेवढा उंच नाही. मग आता तीन जणांचा घ्यायचा की दोन जणांचाच, पण लांब बघायचा? तीन जणांच्या टेंटला वजन जास्त, ते मलाच वाहायचं आहे. शनिवारपर्यंत ठरवायचं आहे, पुढची तारीख ठरली आहे. कृपया थेट सांगा: दोन की तीन?

रानभूल
उंची किती? मॅट किती रुंद, किती जाड? टेंटला दार एक की दोन? सॅक आत ठेवता की बाहेर? सोबत कोण असतं? एवढं कळल्याशिवाय दोन की तीन हे कुणीच सांगू शकणार नाही.

शून्य_वजन
तीन जणांचा अजिबात घेऊ नका. ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना हातात धरायच्या काठ्यांवर, उभा राहणारा दोन जणांचा टेंट घ्या. टेंटचे वेगळे पोलच नाहीत, त्यामुळे वजन एकदम खाली येतं. माझा पेगसकट, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्यांसकट, एक किलोच्या आत आहे आणि गेली चार वर्षं मी दुसरं काही वापरलेलं नाही. आणि हो, कंपनी पेटीवर दोन वजनं लिहिते. एकात फक्त आतला टेंट, फ्लाय (वरून घालायचं बाहेरचं कापड) आणि पोल धरतात, दुसऱ्यात पिशव्या, पेग, दोऱ्या सगळं. तुलना करताना दुसरंच वजन बघा.

कोरडी_जागा
बॅग ओली होण्याचा टेंटच्या मापाशी काही संबंध नाही. तो तुमच्या श्वासाचा दमटपणा आहे. रात्री बाहेरचं कापड गार पडतं, आतली वाफ त्यावर धरते आणि तिथून ओघळते. वरचे व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके, उघडे ठेवा, फ्लायची खालची कड जमिनीपासून थोडी वर राहू द्या, ओढ्याकाठी किंवा खोलगट जागी टेंट लावू नका. नवीन टेंटची गरज नाही.

पायवाट
व्हेंट उघडेच होते. टेंट उंचावर, झाडाखाली होता. एवढं मलाही कळतं.
उंची १८३. मॅट फुगवायच्या, नेहमीच्या. दार एक. सॅक आत. दोघंच जण असतो. आता सांगा.

रानभूल
"नेहमीच्या" म्हणजे काय हो? मॅट ५१ सेंमी रुंद येते तशी ६४ सेंमीही येते, म्हणजे २० इंच आणि २५ इंच. टेंटच्या बाबतीत सगळा घोळ तिथेच होतो. टेप लावून मोजा, अंदाजाने नको. टेंटची पायाकडची रुंदीही मोजा, डोक्याकडची वेगळी.

झोळीवाला
दोघांनी दोन हॅमॉक, म्हणजे झाडांना बांधायच्या झोळ्या, घ्या. जमीन सपाट नको, दगड टोचत नाहीत, लांबीचा प्रश्नच उरत नाही. खाली क्विल्ट लावलं की थंडीतही चालतं. मी टेंट विकून टाकला.

पायवाट
हॅमॉक नको. दुसऱ्या व्यक्तीला जमणार नाही.
मोजलं. माझी मॅट ६४ रुंद, ९ जाड. दुसरी ५१ रुंद, तीही ९ जाड. टेंट डोक्याकडे १२५, पायाकडे १०५.

मापाडी
आता उलगडलं. ६४ आणि ५१ मिळून ११५ होतात. तुमचा टेंट पायाकडे १०५ आहे. म्हणजे पायाकडे एक मॅट दहा सेंमी भिंतीवर चढते, किंवा दुसरीवर चढते. ज्याचे पाय चढतात त्याची बॅग कापडाला घासणारच.

हलक्या टेंटचा तळ असा निमुळता ठेवतात कारण कापड वाचतं आणि वजन कमी होतं. बिग अ‍ॅग्नेसचा कॉपर स्पर एचव्ही यूएल२ बघा: लांबी ८८ इंच, डोक्याकडे ५२, पायाकडे ४२. एमएसआरचा हब्बा हब्बा २ सरळ आयत आहे, ८४ बाय ५०. दोघांवरही "दोन जणांचा" असंच लिहिलेलं. माणशी किती जागा द्यायची याचं सगळ्या कंपन्यांना बांधलेलं प्रमाण नाही, जो तो आपल्या हिशेबाने आकडा लावतो. ५१ च्या दोन मॅट दोन्हींत बसतील. तुमच्या ६४ आणि ५१ आयतात बसतील, निमुळत्यात बसणार नाहीत. आणि दोन्ही ६४ च्या असत्या तर १२८ लागले असते, म्हणजे ५० इंचांतही, जे १२७ सेंमी होतात, त्या घासूनच राहिल्या असत्या.

लांबीचं वेगळं आहे. २१५ ही तळाची लांबी. तुम्ही तळावर झोपत नाही, ९ सेंमीच्या मॅटवर झोपता, आणि उताणं झोपलं की पावलं उभी राहतात, ती आणखी २५ सेंमी वर. म्हणजे तुमची बोटं जमिनीपासून साधारण ३५ सेंमीवर असतात. तिथपर्यंत भिंत आत कललेली असते. किती कललेली आहे हे कुठल्याच पेटीवर लिहिलेलं नसतं.

म्हणून घरी टेंट लावा, फ्लाय घट्ट ओढून. ३५ सेंमीची एक काठी घ्या. पायाकडच्या भिंतीजवळ ती उभी धरून वरचं टोक कापडाला टेकेपर्यंत सरकवा. काठीच्या बुडापासून तळाच्या कडेपर्यंत अंतर मोजा. डोक्याकडे हेच ३० सेंमीच्या काठीने करा. दोन्ही अंतरं २१५ मधून वजा केली की तुमची खरी लांबी मिळेल.

कोरडी_जागा
मान्य, पण मूळ पाणी दमटपणाचंच आहे ना? कापड कोरडं असतं तर पाय टेकूनही बॅग भिजली नसती. मी म्हणतो ते चूक कसं?

मापाडी
चूक नाही, अर्धं आहे. पाणी वाफेचं, पण ते बॅगेत येतं पाय टेकल्यामुळे. व्हेंट उघडे ठेवूनही थंड, वारा पडलेल्या रात्री फ्लायच्या आतून पाणी धरतंच. दुहेरी भिंतीचा टेंट म्हणजे आतली जाळी आणि बाहेरचा फ्लाय यांत पोकळी असते, म्हणून एरवी आपण कोरडे राहतो. पायाने जाळी ढकलली की ती फ्लायला चिकटते आणि पोकळी संपते. पिसांची बॅग असेल तर पायाकडची पिसं गोळा होऊन ऊबही जाते.

ताडपत्री
महत्त्वाचं राहिलं. टेंट ओला घडी करून ठेवू नका. आतल्या पॉलियुरेथेनच्या लेपावर ओलावा वर्षभर बसला की लेप चिकट होतो, आंबूस वास येतो आणि मग तो टेंट पाणी अडवत नाही. घरी आल्याबरोबर दोरीवर वाळवा. पिशवीत घट्ट कोंबण्यापेक्षा सैल ठेवा. नायलॉन ओला झाला की सैलावतो, पॉलिएस्टर कमी सैलावतो, तेही घेताना विचारा.

पायवाट
काठी लावली. पायाकडे २१, डोक्याकडे १४.
म्हणजे २१५ मधून ३५ गेले, उरले १८०. माझी उंची १८३. मी दोन वर्षं या टेंटमध्ये आडवा होतोय आणि आज कळतंय की मी त्यात मावतच नाही.
मग तीन जणांचाच घेतो. ठरलं.

मापाडी
थांबा. तीन जणांचा टेंट बहुतेक वेळा रुंद असतो, लांब नसतो. हब्बा हब्बा ३ ची लांबीसुद्धा ८४ इंचच आहे, वाढली फक्त रुंदी. बॅगची जाडी आणि खाली झुकणारी बोटं धरून तुम्हाला त्या उंचीवर निदान १९३ लागतील. माणसांचा आकडा बघून ते मिळणार नाहीत. लांबी २२५ च्या पुढे आणि पायाकडची भिंत उभी, हे दोन्ही बघा.

शून्य_वजन
हेच तर सांगतोय. ट्रेकिंग पोलवर उभ्या राहणाऱ्या टेंटमध्ये २३० लांबीचे सहज मिळतात. तीनशे-चारशे ग्रॅम जास्त घेऊन तीन जणांची खोली पाठीवर कशाला? पाच दिवस चढ चढताना त्या ग्रॅमांचं ओझं खांद्याला कळतं. सॅक बाहेर, फ्लायच्या आडोशाला ठेवायची सवय लावा, आत नको. शिवाय त्याच आडोशाला बसून सकाळचा चहाही करता येतो.

रानभूल
चहा तिथे करू नका, कृपा करून. बंद फ्लायखाली बर्नर पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही. शिवाय हे कापड ज्वाळा लागली की क्षणात वितळतं. नवीन माणूस हा धागा वाचेल, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

शून्य_वजन
दार पूर्ण उघडं ठेवूनच करतो. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, ते लिहायला हवं होतं.

रानभूल
पायवाट, दुसरी व्यक्ती कोण हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत. हॅमॉक "जमणार नाही" म्हणालात. का?

पायवाट
बाबा आहेत. ६६ वर्षांचे. उंची १६५, म्हणून त्यांच्या लांबीचा प्रश्न नाही. गुडघे दुखतात पण चालतात व्यवस्थित, दोन ट्रेकिंग पोल घेऊन. रात्री दोनदा तरी उठावं लागतं. याचा टेंटच्या मापाशी संबंध नाही म्हणून लिहिलं नाही.

रानभूल
अहो, सगळा संबंध याच्याशीच आहे! एक दार, तेही बहुधा डोक्याकडे किंवा तुमच्या बाजूला. म्हणजे ते रात्री दोनदा तुम्हाला ओलांडून जातात. गुडघे दुखणारा माणूस टेंटमधून सरळ उठत नाही. आधी कुशीवर वळतो, हात टेकतो, मग गुडघ्यांवर येतो. तो हात टेकायला बाजूला मोकळी जागा लागते. माझ्या आईबरोबर मी हे तीन वर्षं बघितलं आहे. दोन दारं, दोन्ही लांब बाजूंना. याच्याखाली तडजोड नको.

मापाडी
सहमत. आणि शून्य_वजन, आता तुमचा टेंट इथे बसत नाही. बाबांचे पोल टेंटला लावले तर रात्री बाहेर पडताना त्यांच्या हातात काय उरलं?

शून्य_वजन
बरोबर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एक वेगळा, जोडून उभा करायचा पोल मिळतो, पण मग वजनाचा फायदा कमी होतो. त्यांच्यासाठी टेंटच्याच पोलवर स्वतः उभा राहणारा टेंट घ्या.

मापाडी
उंचीही बघा. तुम्ही बसल्यावर डोकं साधारण ९५ सेंमीवर, दबलेल्या मॅटचे पाच धरा, झाले १००. पेटीवरची १०५ उंची फक्त मधल्या एका बिंदूची असते. दोघांनी एकदम बसून बूट घालायचे असतील तर माथ्यावर आडवा पोल असलेला बघा, त्याने भिंती वरपर्यंत रुंद राहतात.

नवीन टेंट येईपर्यंत दोन गोष्टी करा. पायाकडच्या भिंतीच्या मध्यावर, फ्लायला एक कापडी फास असेल. त्याला पेग मारून बाहेर ओढा. आणि बॅगच्या पायाकडच्या टोकावर पावसाळी जॅकेट चढवा.

कोरडी_जागा
जॅकेट सैल ठेवा, चेन लावून गच्च करू नका. नाहीतर पायांचा घाम आत अडकतो आणि बॅग आतूनच ओली होते. कुशीवर झोपलात तर पावलं खाली येतात, तेवढीच लांबी वाढते.

पायवाट
तो फास होता. घडीत दबलेला, कोरा करकरीत, दोन वर्षांत एकदाही वापरलेला नाही. पेग मारून ओढला आणि पुन्हा काठी लावली, २१ चे १६ झाले.

मग रात्री जेवणानंतर हॉलमध्ये फरशीवर चिकटपट्टीने दोन आयत आखले. एक २२५ बाय १२७, दुसरा २२५ बाय १७०. दोन्हींत आमच्या मॅट फुगवून ठेवल्या, बाबांना झोपायला सांगितलं आणि म्हटलं, रात्री उठता तसे उठा. पहिल्या आयतात ते माझ्याकडे कुशीवर वळले आणि त्यांचा हात सरळ माझ्या मॅटवर आला. मॅट दबली, हात घसरला, ते परत मागे पडले. पट्टीच्या बाहेर टेकले असते तर उठले असते, पण तिथे टेंटमध्ये भिंत असणार. दुसऱ्यात दोन मॅटच्या मध्ये वीतभर जागा ठेवली. तळहात फरशीवर पडला आणि ते एका दमात गुडघ्यांवर आले. उठल्यावर म्हणाले, "दोन वर्षं तुला उठवायला नको म्हणून मी पहाटेपर्यंत कळ काढत होतो."

मला हे माहीत नव्हतं.

तीन जणांचा घेतोय, दोन दारांचा, लांबी २२५ च्या पुढची. जास्तीचं वजन माझ्या सॅकमध्ये. शनिवारी दुकानात काठी आणि दोन्ही मॅट घेऊन जातो, बाबाही येणार आहेत. लावून दाखवला तर तिथेच त्यांना झोपवून, उठवून बघतो.

रानभूल
त्यांना कुठल्या कुशीवरून उठणं सोपं जातं ते आधी विचारा, आणि मधली मोकळी जागा त्या बाजूला येईल अशी त्यांची मॅट लावा. दाराची चेनही त्यांनाच एका हाताने उघडायला सांगा, अंधारात ती बारीक चेन सापडत नाही. माझ्या आईच्या टेंटच्या चेनला मी जाड दोरीची गाठ बांधली आहे.

पायवाट
गाठ आजच बांधतो, जुन्या टेंटलाही.