शब्दचर्चा : आदिमानवाची 'वस्ती' की 'तळ'?

विचारणा : शिकार करून, कंदमुळं वेचून जगणाऱ्या आदिमानवाच्या जागेला मराठी लेखांत सरसकट 'वस्ती' म्हणतात. आपल्या सोलापूरकडे वस्ती म्हणजे रानातलं घर, शेजारी विहीर नि गोठा, बारा महिने माणूस. मग हा शब्द तिथे चालेल का?

उत्तर : सरसकट नाही चालणार. 'तळ' बरा, तो पडतो आणि उठतो. 'मुक्काम' एक-दोन रात्रींचा. 'पाल' म्हटलं की कापड आलं. अर्थाने सर्वांत जवळचा धनगरांचा 'वाडा', म्हणजे मेंढरांसोबत हलणारा तळ, पण पुण्याच्या वाचकाला त्यात चौक नि दिंडी दरवाजा दिसणार!

कुठे तळ आणि कुठे वस्ती, हे बरंचसं पावसावर ठरलं. हिमयुगाचा शेवटचा कडाका सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता आणि मान्सून दुबळा. त्याच्या थोडं आधीचे, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे मिळाले. शहामृग म्हणजे आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळासारखं उघडं, गवताळ रान. अशा रानात पाणी मोजक्या ठिकाणी, म्हणून माणूस त्याच्या मागे फिरता. ११,७०० वर्षांपूर्वी होलोसीन, म्हणजे हिमयुगानंतरचा आजचा उबदार काळ, सुरू झालं, पाऊस वाढला, तशी एका जागी जास्त दिवस टिकण्याची सोय झाली.

शंका : पण जमिनीत सापडलेलं बघून तळ की वस्ती, हे कसं ओळखायचं?

उत्तर : खांबांचे खड्डे, एकावर एक चोपलेल्या जमिनी, राखेचे जाड थर ही वस्तीची लक्षणं. एकच पातळ थर, एखादी चूल, गाभ्याचे दगड (ज्यांवरून हत्यारांसाठी तुकडे काढले ते) आणि आसपास छिलके (ते उडालेले पातळ तुकडे) असतील तर तळ. जनावरांचे दात कुठल्या ऋतूतल्या मारणीचे, तेही बघतात. इस्राएलमधल्या ऐन मल्लाहा इथे तर उंदरांनी साक्ष दिली. माणूस टिकून राहिला तेव्हा घरउंदीर वाढले, फिरू लागला तेव्हा रानउंदीर पुढे सरसावले. आणि ही सगळी माणसं शेती नसलेली, म्हणजे 'वस्ती'ला शेतीची अट नाही.

फसगत दोन ठिकाणी होते. नदीच्या गोट्यांच्या थरातली हत्यारं पुराने वाहून आलेली असतात. कडा झिजून गोल झाल्या असतील तर त्या जागेला तळही म्हणू नये. दुसरी आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरचे छिलके खाली उतरतात आणि दोन काळांचा माल एका थरात दिसतो. त्या खोलीवरून वय काढू नये.

पुरवणी : वस्तीकडून फिरतीकडे असा उलटा प्रवासही लक्षात घ्या. आपल्याच भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठी इनामगावला शेतकऱ्यांची वस्ती होती, इ.स.पू. १६०० ते ७००. इ.स.पू. १००० नंतर मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढता दुष्काळ असं मांडलं. शेती आटली, शेळ्यामेंढ्या नि शिकारीवर भर गेला. या टप्प्याला मी 'हंगामी वस्ती' म्हणेन. नुसतं 'तळ' म्हटलं तर मागची सहाशे वर्षं पुसली जातात.

विचारणा : आणि आदिमानवाच्या बारीक दगडी पात्यांना 'गारगोटीची हत्यारं' म्हणतात, ते चालेल का?

उत्तर : दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार झालेले कॅल्सेडोनी, अगेट, जास्पर या दगडांची ती पाती. पांढरी स्फटिकी गारगोटी वेगळी, ती वेडीवाकडी फुटते. 'सूक्ष्मास्त्रं' लिहा, आणि दगड ओळखू आला असेल तर त्याचं नाव द्या.