नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण : तुम्ही कोर्स कसा निवडलात?

वय ३६. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बारा वर्षांपासून अकाउंट्स बघते. समुपदेशन किंवा समाजकार्याकडे वळायचं मनात पक्कं आहे, पण घर माझ्याच पगारावर चालतं. नागपुरात नोकरी करता करता ज्यांनी शिकून काम बदललं, त्यांनी कृपया लिहा. माहितीपत्रकातलं नको, तुमचं काय झालं ते हवं.

•

ताई, समुपदेशन म्हणालात म्हणून हे आधी. मी बँकेत असताना इग्नू या मुक्त विद्यापीठातून, घरी अभ्यास करून, मानसशास्त्रात एमए केलं. स्वाध्यायाला ३० टक्के, सत्रान्त परीक्षेला ७०. दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांपर्यंत लांबवता यायचा. मला तीन लागली. मार्च एंडिंगला पुस्तक उघडणंच व्हायचं नाही. आज एका शाळेत समुपदेशक आहे आणि समाधानी आहे.

पण माझा रस्ता आता तुम्हाला मिळणार नाही. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात मानसशास्त्र येतं, त्यामुळे २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) त्याचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. कोणी ‘घरबसल्या होऊन जाईल’ म्हणालं तर पैसे भरू नका. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर नुसतं एमए पुरत नाही. त्यापुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते.

•

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण केलं, नियमित कॉलेजातून. मिहानमधल्या कंपनीत रात्रपाळी मागून घेतली. सकाळी खापरीहून मेट्रोत बसले की सीताबर्डी येईपर्यंत क्षेत्रकार्याचा अहवाल लिहायचा. त्या वह्या अजून जपून ठेवल्यात, अर्ध्या पानावर अक्षर सरळ आणि मग झोपेनं खाली घसरत गेलेलं.

वर्गापेक्षा क्षेत्रकार्यानेच मला घडवलं. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत. पहिले तीन आठवडे काहीच हाती लागलं नाही. एक आजी मात्र दर खेपेला चहा पाजायची, इकडचं तिकडचं बोलायची. चौथ्या आठवड्यात तिने गादीखालून रेशन कार्ड काढलं. सुनेचं नाव चढलं नव्हतं, दोन वर्षांपासून. ‘बाप्पा, तू रोज येऊन राहिली म्हणून दाखवलं,’ म्हणाली. त्या दिवशी मला कळलं की हेच काम करायचं आहे.

तब्येतीचं मात्र खरं सांगते: मे महिन्यात रात्रपाळी करून दिवसा झोप लागत नाही, कूलर कितीही मोठा असू द्या. दुसऱ्या वर्षी माझं आठ किलो वजन उतरलं. घरी कोणी डबा करून देणारं असेल तरच हे झेपतं.

•

एका खासगी संस्थेच्या ऑनलाइन एमसीएत माझे ४० हजार बुडाले. मान्यताच नव्हती. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव, तोच कोर्स आणि तेच सत्र, तिन्ही दिसल्याशिवाय फी भरू नका. फोनवरच्या ‘अ‍ॅडमिशन काउन्सेलर’चा शब्द धरू नका.

•

मी शाळेत लिपिक. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं म्हणून इग्नूचं ग्रंथालयशास्त्रातलं एका वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण केलं आणि ५१ टक्के पडले. पास झालो म्हणून घरी पेढे वाटले. मग जाहिरात वाचली: खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तरला ५५ टक्के, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. प्रवेशाआधी ती जाहिरात वाचली असती तर अभ्यास वेगळा केला असता. भाऊ, ताई, कोणीही असा, ज्या नोकरीवर डोळा आहे तिच्या चार-पाच जाहिराती आधी कापून वहीत चिकटवा, पात्रतेची ओळ अधोरेखित करा आणि मगच कोर्स शोधा. मी आता दुसऱ्या विषयात एमए करतोय, यावेळी ती वही समोर ठेवून.

•

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून दहा जाहिराती उतरवून काढल्या. सातांत एमएसडब्ल्यू मागितलंय. आमच्याकडे रात्रपाळीत अकाउंट्स नसतं, पण साहेबांशी शनिवार आणि आणखी एका दिवसाचं बोलून बघते, पगार कापला तरी चालेल. एमएसडब्ल्यूवाल्या ताई, क्षेत्रकार्याचे दोन वार कॉलेज ठरवतं की आपल्याला मागून घेता येतात?