अनुभव धागा: पंधरा ऑगस्टला तुम्हाला आतून काय वाटतं?

गोदाकाठ
सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला आहे. "१५ ऑगस्ट, सकाळी पावणेआठ, पांढरा पोशाख, प्रत्येक घरातून किमान एकाची उपस्थिती अनिवार्य. गैरहजर राहिल्यास दोनशे रुपये दंड." त्याखाली अंगठ्यांची रांग. दंडाचं वाचलं आणि आमचे आजोबा डोळ्यांसमोर आले. ते असते तर आदल्या दिवशीच दोनशे रुपये नेऊन दिले असते.

आजोबा परभणीकडचे, निजामाच्या राज्यातले. १५ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत रोषणाई होती आणि आमच्याकडे तिरंगा लावला तर तुरुंग. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना तर त्याच दिवशी अटक झाली. आजोबा तेव्हा विशीतले. पुढचं वर्ष त्यांनी सरहद्दीवरच्या कँपात काढलं, करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, नाकी जाळायच्या कामावर. पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय फौजेची कारवाई, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ ला निजाम शरण आला. देशापेक्षा तेरा महिने उशिरा. त्यामुळे त्यांच्या लेखी झेंड्याचा दिवस एकच, १७ सप्टेंबर. १५ ऑगस्टला ते ओसरीवर बसून डाळ निवडायचे. विचारलं तर, "ते तिकडच्यांचं. आपलं अजून महिनाभर आहे."

पेन्शन मात्र घेतली हो त्यांनी, उगाच नाही म्हणाले नाहीत. पण पेन्शनच्या रांगेत कोण कोण "स्वातंत्र्यसैनिक" उभे असायचे, त्यातले किती जण ॲक्शनच्या वेळी पाळण्यात होते, हे सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागायचा.

माझं म्हणाल तर राष्ट्रगीताला अजून काटा येतो. आणि तासाभराने कोपऱ्यावर डीजे लागला की मी खिडक्या लावून घेते. दोन्ही खरं आहे. तुमचं कसं?

लाल_डबा
दंड?!! आमच्याकडे नाश्ता ठेवतात, म्हणून गर्दी. यंदा श्रावणी शनिवार आलाय तर वडा ठेवायचा की साबुदाणा खिचडी यावर परवापासून ग्रुप पेटलाय. स्वातंत्र्यावर कुणी काही बोललेलं नाही अजून

वळचण
शनिवारी आल्यामुळे सुट्टी फुकट गेली, माझ्या देशभक्तीला पहिला धक्का तिथेच 😅

निवृत्त_पीटी
गोदाकाठ, तुम्हाला काटा येतो, मला घाम यायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटी शिकवली. झेंडा बांधायचं काम कायम माझ्याकडे. घडी घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या, वरून दोरीचा फास. तो फास वाऱ्याने सुटता कामा नये, पण सरपंचांनी एक झटका दिला की सुटला पाहिजे. आता आदल्या रात्री पाऊस झाला की दोरी फुगते आणि फास आवळतो. सरपंच ओढतायत, झेंडा उघडत नाही, पोरं खुदुखुदु हसतायत, हेडमास्तर माझ्याकडे बघतायत. एकदा सातवीतला एक पोरगा सरळ खांबावर चढला आणि दातांनी गाठ सोडवून खाली आला. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच.
राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत माझी नजर कायम त्या गाठीवर. बाकी भावना चहा पोटात गेल्यावर.

कलम_काकू
सर, संकेताप्रमाणे १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा असतो. आधीच वर बांधून नुसता फास सोडायचा तो २६ जानेवारीला.

निवृत्त_पीटी
बरोबर आहे ताई. आमच्या तालुक्यात पाळलेला मी तरी पाहिला नाही. दोन्ही दिवशी वरच. सरपंचांच्या हातात लांब दोरी देऊन बघा एकदा, मग कळेल का ते.

अर्धा_कप
पांढरे कॅनव्हासचे बूट!! आदल्या रात्री ओल्या खडूने रंगवायचे, सकाळी प्रभातफेरीत चिखल. घरी आल्यावर मार. मिळायच्या काय तर दोन लिमलेटच्या गोळ्या.
(कुकर लावलाय, नंतर लिहिते)

सेटलमेंट_गल्ली
मी सोलापूरचा. आमची वस्ती कोणती हे सोलापूरकरांना नावावरून कळेल. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि पुढे जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सेटलमेंट म्हणजे तारेचं कुंपण, रोजची हजेरी, परगावी जायचं तर पास. देश सुटला १५ ऑगस्ट १९४७ ला. आमची माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा रद्द झाला तेव्हा. मधली पाच वर्षं सोळा दिवस स्वतंत्र देशात हजेरी. माझी आजी त्यातली. तिला १५ ऑगस्टचं काही विचारलं तर म्हणायची, त्या दिवशी पण हजेरी होतीच की.

शाळेत प्रतिज्ञा मी वर्गात सगळ्यात मोठ्याने म्हणायचो, घसा ताणून. मधल्या सुट्टीत कुणाची कंपासपेटी हरवली की पहिलं दप्तर माझं उघडायचं. त्याच वर्गात.

आता वस्तीत दोन्ही तारखांना कार्यक्रम होतो. १५ ला मी उभा राहतो, ३१ ला मी नाचतो. एवढाच फरक.

गोदाकाठ
दप्तराचं वाचून थांबले. तुमच्या आजीचं आणखी काही असेल तर लिहा प्लीज.

लाल_डबा
हे आम्हाला शाळेत कधीच कुणी शिकवलं नाही. सोलापुरात चार वर्षं शिकलो, त्या भागावरून रोज जायचो. शेंगाचटणीच्या पलीकडे सोलापूर काय कळलं मला, असं वाटतंय आता.

वळचण
चटणी कुठली आणायचास? घरगुती असेल तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर

बार्देशकार
आमच्याकडे १५ ऑगस्ट म्हणजे आधी चर्चची घंटा. मारिया मातेच्या स्वर्गारोहणाचं फेस्त त्याच दिवशी. लहानपणी मला बरीच वर्षं वाटायचं की सगळा देश आमच्याच फेस्ताची सुट्टी घेतो 😂

गोव्यात ही तारीख वेगळ्या कारणाने लक्षात ठेवलेली. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही नि:शस्त्र हद्दीतून आत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. त्यात महाराष्ट्रातून आलेले खूप. आम्ही सुटलो १९ डिसेंबर १९६१ ला. त्यामुळे माझे वडील जन्माने पोर्तुगीज. आणि म्हणूनच माझा चुलतभाऊ आज पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला राहतो. वडलांच्या काकांनी ज्यांच्या लाठ्या खाल्ल्या त्यांचाच पासपोर्ट. दर १५ ऑगस्टला तो व्हिडिओ कॉल करतो, मागे भिंतीवर तिरंगा. वडील एक शब्द बोलत नाहीत, फक्त "पाऊस आहे काय तिकडे" विचारतात.
रागवायचं कुणावर? इथे नोकरी असती तर तो गेलाच नसता.

ओकट्री_रोड
बार्देशकार, तुमचा भाऊ मला कळतो. मी न्यू जर्सीत, एडिसनला. इथे इंडिया डे परेडला एवढी गर्दी असते की पार्किंगसाठी लोक सकाळपासून येतात, ढोलताशा पथक पण असतं. मी नऊवारी नेसून जाते. नागरिकत्वाच्या शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडली असं तोंडाने म्हणावं लागतं. मी म्हणाले. खणखणीत म्हणाले, कारण शेजारचा माणूस पुटपुटत होता आणि मला वाटलं आपलं ऐकू नाही गेलं तर परत म्हणायला लावतील. मग आपला पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला तो उघडून बघवेना. तरी परेडला कंठ दाटतोच. लेक म्हणते, आई, तू नक्की कुठली? तिला ४ जुलैचे फटाके पुरतात.

वळचण
तिकडे जाऊन देशप्रेम उतू जातं असं आम्ही इकडे म्हणतो ते उगाच नाही 😛

ओकट्री_रोड
म्हणा की. तुम्ही खिडक्या लावून घेता, आम्ही ढोल भाड्याने आणतो. चालायचंच.

माणदेशी_माती
सातारा जिल्हा. आमच्या गावात दर दोन घरांमागे एक फौजी. भाऊ सीमेवर. १५ ऑगस्टला तुम्हाला सुट्टी, त्याला अलर्ट. त्या आठवड्यात त्याचा फोन नीट लागत नाही. आई बातम्या लावू देत नाही घरात. झेंडावंदनाला मात्र पहिल्या रांगेत तिची खुर्ची असते, शाल-नारळ, फोटो. मागल्या वर्षी सत्काराला ती गेली आणि तिथून परस्पर एका कार्यालयात, शेताच्या मोजणीचा अर्ज कुठं अडकलाय ते विचारायला. सुट्टी म्हणून कुलूप. हातात शाल, नारळ. तशीच एसटीने घरी आली. नारळाची चटणी केली संध्याकाळी, छान झाली होती.
मला अभिमान नाही असं नाही. पण रील बनवणाऱ्यांचा कंटाळा येतो.

अर्धा_कप
🙏 आईंना नमस्कार सांगा.
(कुकर झाला) मला प्रभातफेरीचं अजून लिहायचं होतं, पण आता वरचं सगळं वाचून माझं बुटांचं रडगाणं बारीक वाटतंय. राहू दे.

निवृत्त_पीटी
अहो लिहा. बूट पण महत्त्वाचे. ज्यांच्याकडे बूट नसायचे त्यांना आम्ही मागच्या रांगेत उभं करायचो. पाहुण्यांना दिसू नये म्हणून. तसा आदेशच असायचा.

उरूस
लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. गोदाकाठ ताई, तुमच्या आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून.

माझ्या आजीचं माहेर धाराशिवकडचं, तेव्हाचं उस्मानाबाद. निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांनी जे केलं ते आमच्या घरात कुणी लपवत नाही. पण १७ सप्टेंबरनंतरच्या दिवसांत काय झालं तेही घडलंय. नेहरूंनी सुंदरलाल समिती पाठवली, तिने सत्तावीस ते चाळीस हजार मुसलमान मारले गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. आजीचा भाऊ बाजाराला गेला तो गेलाच. वय चौदा, पंधरा. त्याचा आणि राजकारणाचा काय संबंध. आजीला लपवलं शेजारच्या पाटलांनी, कडब्याच्या गंजीत. ती पुढं मरेपर्यंत पाटलांच्या घरी दिवाळीला जायची आणि १७ सप्टेंबरला घराबाहेर पडायची नाही.

म्हणून आमच्यासाठी १५ ऑगस्ट त्यातल्या त्यात सोपा. आनंदाने साजरा करता येतो. आमच्या गल्लीत झेंडा मात्र मोठाच लावतात. लहान लावून आम्हाला चालत नाही. ज्याला समजायचं त्याला समजेल.
काटा मलाही येतो. ते कुणाला दाखवायला नाही.

गोदाकाठ
उरूस, बरं केलंत लिहिलंत. आजोबांनी ॲक्शननंतरच्या दिवसांबद्दल कधी तोंड उघडलं नाही. नाक्यांच्या गोष्टी शंभरदा सांगितल्या, तारखेपाशी आले की संपलं. त्यांना माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांना विचारते, बघू ते काही सांगतात का.

सेटलमेंट_गल्ली
उरूसभाई, मोठ्या झेंड्याचं समजलं. आम्ही घसा ताणायचो, तेच.

कलम_काकू
मोठा झेंडा लावताना लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन ठेवा. आणि शक्य असेल तर खादीचा घ्या. ३० डिसेंबर २०२१ ला नियम बदलून पॉलिस्टर आणि मशीनवरचे चालतील असं झालं, त्यानंतर खादीवाल्यांचे हाल आहेत. आपल्या नांदेडला खादीचे झेंडे बनतात, अभिमानाची गोष्ट आहे.

वळचण
काकू, योग्य वेळ 🙄

उरूस
असू दे हो. माझ्या मामाने नांदेडहूनच आणलाय 😊

बी_विंग_सेक्रेटरी
मी गोदाकाठ यांच्या सोसायटीची नाही, पण दंडाचा मेसेज मीही लिहिते, म्हणून दुसरी बाजू. दंड नाही लावला तर येतात कोण? चेअरमन, मी, चार ज्येष्ठ नागरिक आणि दोन वॉचमन. वॉचमनला तर तसंही यावंच लागतं. त्यातला एक रात्रपाळी संपवून उभा असतो, डोळे मिटत असतात, आणि सॅल्यूट सगळ्यात कडक त्याचाच. उरलेले तीनशे लोक लोणावळ्याच्या वाटेवर. दंडाचे पैसे आम्ही दरवर्षी वॉचमनना देतो. एका वर्षी लोक शिस्तीत आले तर त्यांचं नुकसान झालं.

लाल_डबा
म्हणजे न येणं हीच खरी देशसेवा. ठरलं!

माणदेशी_माती
वॉचमनला सुट्टी द्या ना एक दिवस. उभे राहा तुम्ही गेटवर आलटूनपालटून.

बी_विंग_सेक्रेटरी
मांडते मीटिंगमध्ये. एकमताने नामंजूर होईल, आत्ताच सांगते.

अर्धा_कप
कलम काकू, गेल्या वर्षीचा झेंडा फाटलाय, कपाटात आहे. कचऱ्यात टाकवत नाही. काय करायचं?

कलम_काकू
एकांतात, मानाने, पूर्ण नष्ट करायचा. शक्यतो जाळून. तुकडे करायचे नाहीत, पुसायला तर अजिबात वापरायचा नाही.

अर्धा_कप
जाळू कुठे? फ्लॅटमध्ये? पॉलिस्टर आहे, धूर केवढा होईल.

लाल_डबा
धूर झाला तर त्याचा दंड वेगळा. ताजी खबर: आमच्याकडे खिचडी हरली. वडा फायनल, शनिवारवाल्यांना केळी.